आधी गुरुत्वमध्य, मग समीकरणं: विमानाच्या स्थिरतेचा अभ्यास कुठून सुरू करावा

विमानाची स्थिरता आणि नियंत्रण शिकायला बसलेला नवखा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकतो. सुरुवातीलाच तीन प्रकारचे अक्ष येतात, त्यांच्यामागून ऑयलर कोन येतात आणि मग एकमेकांत गुंतलेली बारा डिफरन्शियल इक्वेशन्स. गणित सुटतं, गुणही मिळतात, पण वाऱ्याचा झोत बसल्यावर विमान नेमकं काय करतं हे डोळ्यांसमोर उभं राहत नाही. मीही याच क्रमाने शिकलो. पुढे बऱ्याच दिवसांनी फोमचा एक साधा ग्लायडर केला, त्याचं वजन एक सेंटिमीटर मागे सरकवलं आणि तो हातातून सुटताच उलटापालटा होऊन पडला. पाठ केलेल्या व्याख्येचा अर्थ त्या क्षणी लागला. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी एक प्रश्न, मग हातात धरता येईल असा ग्लायडर, मग झोके, आणि समीकरणं सगळ्यात शेवटी.

तयारी फार लागत नाही. बल आणि मोमेंट म्हणजे काय हे माहीत हवं. स्प्रिंगला टांगलेलं वजन कसं हलतं आणि हळूहळू कसं थांबतं याची कल्पना हवी. पुढचे सगळे झोके हे त्याच स्प्रिंगचे नातेवाईक आहेत.

पायरी १: अक्ष आणि चिन्हं एका कार्डावर लिहून ठेवा

एक्स अक्ष नाकाच्या दिशेने, वाय अक्ष उजव्या पंखाकडे, झेड अक्ष खाली. एक्सभोवती फिरणं म्हणजे रोल, वायभोवती पिच, झेडभोवती यॉ. उजव्या हाताचा अंगठा अक्षाच्या दिशेने धरा. बोटं वळतात ती दिशा धन. म्हणजे उजवा पंख खाली जाणारा रोल धन, नाक वर जाणारा पिच धन, नाक उजवीकडे जाणारा यॉ धन.

घोळ होतो तो एलेव्हेटरच्या, म्हणजे आडव्या शेपटीच्या मागच्या हलत्या भागाच्या, चिन्हाचा. एलेव्हेटरची मागची कड खाली गेली की त्याचा कोन धन मानतात, पण त्याने शेपटी वर उचलली जाते आणि नाक खाली जातं, म्हणजे पिचचा मोमेंट ऋण. हे उलटं नातं कार्डावर ठळक लिहा आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणची सूत्रं एकत्र करण्याआधी दोघांची चिन्हं तपासा. नवख्यांच्या बहुतांश चुका इथेच होतात.

पायरी २: नाक वर गेलं, तर ते आपोआप खाली येईल का?

सगळा विषय या प्रश्नातून उलगडतो, त्यामुळे इथे घाई करू नका.

विमान सरळ चाललंय आणि खालून वाऱ्याचा झोत आला. हवा पंखाला ज्या कोनात भेटते तो कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक, थोडा वाढला. त्यासरशी पंखाची लिफ्ट, म्हणजे वर उचलणारं बल, वाढली आणि शेपटीचीही वाढली. दोन्हीकडची ही वाढीव लिफ्ट एकत्र केली तर ती विमानाच्या एका ठरावीक बिंदूवर काम करते असं धरता येतं. त्या बिंदूला न्यूट्रल पॉइंट म्हणतात. गुरुत्वमध्य या बिंदूच्या पुढे असेल तर वाढीव लिफ्ट गुरुत्वमध्याच्या मागे लागते, शेपटीकडची बाजू वर ढकलली जाते आणि नाक खाली येतं. विमान स्वतःला सावरतं. गुरुत्वमध्य या बिंदूच्या मागे गेला की तीच वाढीव लिफ्ट नाकाला आणखी वर ढकलते. बाणाचं टोक जड आणि पिसं मागे का असतात, याचं उत्तरही हेच आहे.

गुरुत्वमध्य न्यूट्रल पॉइंटच्या किती पुढे आहे हे पंखाच्या रुंदीच्या टक्केवारीत सांगतात. त्याला स्टॅटिक मार्जिन म्हणतात. रुंदी म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचं अंतर, कॉर्ड.

आता दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या करा: स्थिरता आणि ट्रिम. आडव्या अक्षावर अँगल ऑफ अटॅक आणि उभ्या अक्षावर पिचचा मोमेंट घेऊन आलेख काढा. रेषा उजवीकडे खाली उतरत असेल तर विमान स्थिर. ती शून्याला जिथे छेदते, तो विमानाचा ट्रिम. त्या कोनात विमान हात न लावता उडत राहील. उतार हा एक प्रश्न आणि छेद हा दुसरा. एखादा ग्लायडर सुटताच नाक खुपसतो तेव्हा लोक त्याला अस्थिर ठरवून मोकळे होतात. कित्येकदा तो उत्तम स्थिर असतो, फक्त त्याचा ट्रिम चुकीच्या कोनाला बसलेला असतो.

आणखी एक समज सुरुवातीलाच काढून टाका. शेपटीवरचं बल खालच्या दिशेने असतं म्हणून विमान स्थिर असतं, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. स्थिरता ठरते ती अँगल बदलल्यावर शेपटीचं बल किती बदलतं यावरून. ते बल मुळात वर आहे की खाली, हा ट्रिमचा भाग झाला. आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ मध्ये पॅरिसमध्ये रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान उडवून दाखवलं. त्यात शेपटी पंखापेक्षा किंचित कमी कोनात बसवली होती. ते साधारण ४० मीटर गेलं आणि ११ सेकंद हवेत राहिलं, तेही आत कोणी चालवणारं नसताना. पंख आणि शेपटी यांच्या कोनातला तो छोटासा फरक आजही जवळजवळ प्रत्येक ग्लायडरमध्ये सापडतो.

पायरी ३: ग्लायडर बनवा आणि आकडा पडताळून बघा

फोमशीट किंवा बाल्सा लाकडाचा ग्लायडर घ्या. मापं सोपी ठेवू. पंख ६० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर. आडवी शेपटी २० बाय ६, म्हणजे १२०. पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव रुंदीवरचा बिंदू आणि शेपटीवरचा तसाच बिंदू यांच्यात ३० सेंटिमीटर अंतर. उभी शेपटी ६ बाय ६. पंखाची दोन्ही टोकं मधल्या भागापेक्षा अडीच सेंटिमीटर वर उचललेली. ती कशासाठी हे पुढे येईल. पंखाची पुढची कड साडेतीन मिलिमीटर उंच बसवा, म्हणजे शेपटीच्या तुलनेत त्याला सुमारे २ अंशांचा कोन मिळेल. नाकावर क्लेचा गोळा लावायला जागा ठेवा.

आता न्यूट्रल पॉइंट काढू. शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले तिचं अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले पंखाची रुंदी: १२० गुणिले ३०, भागिले ६०० गुणिले १०. उत्तर ०.६. याला टेल व्हॉल्यूम म्हणतात आणि शेपटीची खरी ताकद या आकड्यात असते. छोटी शेपटी लांब नेली काय किंवा मोठी जवळ आणली काय, काम सारखंच.

त्यात दोन वजावटी. शेपटी आखूड आणि रुंद असल्यामुळे तिची लिफ्ट पंखाच्या मानाने हळू वाढते. आपल्या मापांना ते प्रमाण सुमारे ०.८३ पडतं. शिवाय पंख हवेला खाली वळवतो, त्याला डाउनवॉश म्हणतात, आणि शेपटी त्याच वळलेल्या हवेत असते. पंखाचा कोन १ अंशाने वाढला तर आपल्या ग्लायडरच्या शेपटीला त्यातला अंदाजे अर्धा अंशच जाणवतो. म्हणून ०.६ गुणिले ०.८३ गुणिले ०.५, म्हणजे जवळपास ०.२५. पंखाची स्वतःची वाढीव लिफ्ट पाव रुंदीवर, म्हणजे ०.२५ वर लागते. दोन्हींची बेरीज ०.५०. न्यूट्रल पॉइंट पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ सेंटिमीटरवर आला. अधिक काटेकोर सूत्राने तो ४८ टक्क्यांच्या आसपास येतो, पण हाताने केलेल्या ग्लायडरला हा अंदाज पुरेसा आहे.

पंखाखाली २.५, ३.५ आणि ५ सेंटिमीटरवर पेनने रेघा मारा. दोन्ही बाजूंना बोटाची टोकं ३.५ च्या रेघेवर टेकवून ग्लायडर उचला आणि तो आडवा तोलला जाईपर्यंत नाकावर क्ले वाढवत जा. आता मार्जिन १५ टक्के झालं. बंद हॉलमध्ये, खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली धरून सोडा. फेकू नका, चालत्या हाताने सोडून द्या. वजन ६० ग्रॅमच्या आसपास असेल तर तो सेकंदाला साधारण ५ मीटर वेगाने सरळ तरंगत जाईल.

मग क्ले वाढवून गुरुत्वमध्य २.५ वर आणा. आता तो जास्त वेगाने आणि जास्त उतरत्या वाटेने जाईल. इथे पायरी २ आठवा: स्थिरता वाढली आहे, बिघडला आहे तो ट्रिम. शेपटीची मागची कड केसभर वर वाकवली की तो पुन्हा संथ तरंगेल. हा प्रयोग मुद्दाम करा, वाचून सोडू नका.

शेवटी क्ले काढत काढत ५ च्या रेघेवर या, आणि थोडं मागेही. या ग्लायडरची एक फेक दुसरीसारखी होत नाही. एकदा नाक वर उचलून जागीच थबकेल आणि घसरेल, पुढच्या वेळी तितक्याच हलक्या हाताने सोडूनही नाक खुपसेल. शेपटी कितीही वाकवली तरी हा स्वभाव जात नाही, कारण बिघाड छेदात नाही, उतारात आहे. या दोन प्रकारच्या बिघाडांतला फरक एकदा हाताला कळला की निम्मा विषय समजला म्हणा.

पायरी ४: झोके मोजा

आतापर्यंत एवढंच विचारलं की विमान परत फिरायचा प्रयत्न करतं का. प्रत्यक्षात ते परत येतं का, कसं येतं, किती वेळात येतं, ही डायनॅमिक स्थिरता. स्प्रिंग ओढते आहे पण घर्षण नाही, तर वजन हलतच राहील.

पिचमध्ये दोन झोके असतात आणि त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. पहिला शॉर्ट पीरियड. यात वेग जवळपास तोच राहतो आणि अँगल ऑफ अटॅक झटक्यात बदलून जागेवर येतो. छोट्या विमानात हा एक-दोन सेकंदांत विरून जातो. वैमानिकाला विमान हाताला कसं वाटतं ते मुख्यतः यावर ठरतं.

दुसरा फ्यूगॉइड, आणि हा मला या विषयातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. यात अँगल ऑफ अटॅक जवळपास कायम राहतो. विमान उंची देऊन वेग घेतं, मग वेग देऊन उंची घेतं, असं लांबलचक लाटांवरून जात राहतं. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने हे १९०८ च्या सुमारास मांडलं आणि ग्रीक शब्दावरून नाव दिलं. त्याला ‘उडणं’ म्हणायचं होतं. त्याने घेतलेल्या शब्दाचा अर्थ ‘पळून जाणं’ असा निघतो. नाव मात्र तेच राहिलं.

त्याचं गणित फार सोपं आहे. वेग मीटर प्रति सेकंदात घ्या आणि ०.४५ ने गुणा; एका लाटेला लागणारे सेकंद मिळतात. विमानाचं वजन, पंखाचा आकार, काहीच लागत नाही. आपल्या ग्लायडरला ५ गुणिले ०.४५, म्हणजे सव्वादोन सेकंद, आणि तेवढ्या वेळात तो ११ मीटर पुढे जातो. हॉल लांब असेल तर ग्लायडर मुद्दाम थोडा जोरात सोडा आणि ही लाट डोळ्यांनी बघा. सेकंदाला १०० मीटर जाणाऱ्या विमानाला हेच गणित ४५ सेकंद देतं. खऱ्या विमानात हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण अंदाज चांगला बसतो.

ही लाट विरते ती हवेच्या अवरोधामुळे. म्हणून जितकं विमान हवेतून सफाईने जाणारं, तितका फ्यूगॉइड जास्त वेळ टिकतो. एरवी वैमानिक नकळत तो मोडून काढतो. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या फ्लाइट २३२ मध्ये तसं करण्याची सोयच उरली नाही. शेपटीकडच्या इंजिनाचा पंखा फुटून तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या आणि त्या डीसी-१० चे, म्हणजे तीन इंजिनांच्या प्रवासी विमानाचे, सगळे कंट्रोल मेले. उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त करून कॅप्टन अल हेन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी विमान अमेरिकेतल्या सू सिटी या शहरापर्यंत आणलं. सगळ्या वाटेत ते फ्यूगॉइडशी झगडत होते. लाट संथ असते, इंजिनाचा परिणाम उशिरा दिसतो, त्यामुळे नाक खाली जाण्याच्या आधीच थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद ठरवणारा दांडा, हलवावा लागतो. विमानात २९६ जण होते, १८४ वाचले.

पायरी ५: आडव्या बाजूची गुंतागुंत

पिच एकटा अभ्यासता येतो, रोल आणि यॉ मात्र एकमेकांना सोडत नाहीत. तीन गोष्टी आधी समजून घ्या.

उभी शेपटी वातकुक्कुटासारखी काम करते: विमान आडवं घसरलं की ती नाक वाऱ्याकडे वळवते. वर उचललेले पंख, म्हणजे डायहेड्रल, विमान ज्या बाजूला घसरतं त्या बाजूचा पंख वर उचलतात. आपण टोकं अडीच सेंटिमीटर वर घेतली ती यासाठी. मागे वळलेले पंख आणि वरच्या अंगाला बसवलेले पंखही हेच काम करतात. तिसरी गोष्ट अ‍ॅडव्हर्स यॉ. उजवीकडे वळायला एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग, वापरले की डावा पंख जास्त लिफ्ट घेतो, त्यासोबत जास्त अवरोधही घेतो, आणि नाक आधी डावीकडे ओढलं जातं. राइट बंधूंना हे १९०२ च्या ग्लायडरवर पुरतं कळलं आणि त्यांनी मागे हलता रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारा उभा पडदा, बसवला.

डायहेड्रल कमी आणि उभी शेपटी मोठी असेल तर विमान हळूहळू एका बाजूला कलत, गिरक्या घेत खाली उतरत जातं; हा स्पायरल. तो इतका मंद असतो की ढगात क्षितिज दिसत नसताना शरीराला पत्ताही लागत नाही, आणि यातच धोका आहे. उलट डायहेड्रलचा परिणाम जास्त आणि शेपटी अपुरी असेल तर शेपूट हलवत, पंख डोलवत जाणारा डच रोल सुरू होतो. एकाला आवर घालायला गेलं की दुसरा उसळतो. बऱ्याच विमानांत मंद स्पायरल चालवून घेतात, कारण वैमानिक तो सहज सावरतो, आणि डच रोलला यॉ डॅम्पर, म्हणजे रडर आपोआप हलवून यॉ शमवणारी यंत्रणा, लावून दाबतात. ३५ अंश मागे वळलेल्या पंखांच्या बी-४७ या अमेरिकन जेट बाँबर विमानावर १९४० च्या दशकाच्या शेवटी हीच वेळ आली होती.

ग्लायडरवर उभी शेपटी कात्रीने थोडी थोडी कमी करत जा, डच रोल दिसू लागेल. नवी मोठी शेपटी लावून पंख सपाट केलेत, तर स्पायरल.

पायरी ६: नियंत्रण कुठे येतं

गुरुत्वमध्य जितका पुढे तितकं विमान स्थिर, मग तो खूप पुढेच का ठेवत नाहीत? कारण मग ते वळवता येत नाही. उतरताना नाक वर धरायला एलेव्हेटर पुरा पडत नाही. म्हणून प्रत्येक विमानाला गुरुत्वमध्याच्या दोन सीमा असतात: मागची सीमा स्थिरतेने ठरते, पुढची नियंत्रणाने. सामान कुठे ठेवायचं याचा तक्ता वैमानिक उड्डाणाआधी भरतो तो याचसाठी. असा एक तक्ता मिळवून स्वतः भरून बघा. त्यातल्या दोन सीमारेषा आता ओळखीच्या वाटतील.

राइट बंधूंनी नियंत्रणाला झुकतं माप दिलं. १७ डिसेंबर १९०३ रोजी १२ सेकंद उडालेलं त्यांचं विमान पिचमध्ये अस्थिर होतं, त्यामुळे सतत हाताने सावरावं लागे. सत्तर वर्षांनी एफ-१६ या अमेरिकन लढाऊ विमानाने तोच सौदा संगणकाच्या भरवशावर केला: स्थिरता मुद्दाम सैल ठेवली, कारण संगणक सेकंदाला अनेकदा कंट्रोल हलवून विमान सांभाळणार होता. २० जानेवारी १९७४ ला त्याच्या नमुन्याला, वायएफ-१६ ला, फक्त धावपट्टीवर वेगाने पळवून बघायचं होतं. रोलचे कंट्रोल गरजेपेक्षा संवेदनशील ठेवले गेले होते. विमान डावी-उजवीकडे झोके घेऊ लागलं, आडव्या शेपटीची उजवी बाजू धावपट्टीला घासली, आणि चाचणी वैमानिक फिल ओस्ट्रायकरने ते जमिनीवर ठेवण्यापेक्षा उडवणं पसंत केलं. सहा मिनिटांनी ते सुखरूप उतरलं. विमान, संगणक आणि माणूस मिळून एकच स्प्रिंग तयार होते, हे ही गोष्ट फार चांगलं शिकवते.

पायरी ७: आता समीकरणं उघडा

सगळी बारा एकदम घेऊ नका. पिचची चार वेगळी काढा: पुढचा वेग, अँगल ऑफ अटॅक, पिचचा दर आणि पिचचा कोन. त्यांच्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू, म्हणजे प्रत्येक झोक्याचा स्वभाव सांगणारे आकडे, काढल्या की दोन जोड्या मिळतात. मोठी जोडी शॉर्ट पीरियड, छोटी फ्यूगॉइड. आयगेनव्हॅल्यूचा वास्तव भाग ऋण असेल तर झोका विरतो, धन असेल तर वाढतो, आणि काल्पनिक भागावरून झोक्याचा वेळ निघतो. आडव्या बाजूच्या चारांतून डच रोलची एक जोडी आणि दोन एकटे आकडे येतात, रोलचा आणि स्पायरलचा. ही पद्धत ब्रिटिश गणितज्ञ जी. एच. ब्रायन यांनी १९११ मध्ये मांडली आणि तिचा सांगाडा आजही तोच आहे.

हातगणितासोबत मोफत सॉफ्टवेअर घ्या. एक्सएफएलआर५ या पंखांचं गणित करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वरची ग्लायडरची मापं भरा आणि न्यूट्रल पॉइंट ५ सेंटिमीटरच्या किती जवळ येतो ते बघा. मग जेएसबीसिम किंवा फ्लाइटगिअर या उड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये एक छोटं विमान सरळ, ट्रिम करून उडवा, स्टिक थोडी ओढून वेग १० टक्के कमी होऊ द्या, स्टिक जिथे होती तिथे परत आणून सोडून द्या आणि घड्याळ लावा. वेगाच्या दोन शिखरांमधले सेकंद मोजा, शेजारी ०.४५ गुणिले वेग लिहा, आणि दोन आकड्यांत फरक का पडला ते शोधत बसा.